नमपाय २ नंतरची फोरट्रान-सी जोडणी: काय मोडतं आणि काय न सांगता चुकतं

अक्षांश

अलीकडे माझ्याकडे एकाच धर्तीच्या विचारणा येत आहेत. कुणाच्या तरी विभागात जुना फोरट्रान कोड आहे, त्यावर कुणीतरी कधीतरी पायथनचं वेष्टन (तो कोड पायथनमधून बोलावणारी जोडणी) चढवून ठेवलं आहे. लिहिणारा माणूस आता तिथे नाही. नव्या मशीनवर नवं पायथन बसवलं आणि सगळं बंद पडलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो, म्हणजे चर्चाही होईल.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन वेगळे बदल आहेत. ते पाठोपाठ आले म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि त्यातून डिसयुटिल्स हे बांधणीचं जुनं अवजार काढून टाकलं गेलं. सूचना ३.१० पासून दिलेली होती, पण जुन्या वेष्टनांकडे लक्ष कोण देतंय? नमपाय म्हणजे पायथनमधली संख्यांच्या अ‍ॅरेंची लायब्ररी. तिची स्वतःची बांधणीव्यवस्था त्याच डिसयुटिल्सवर उभी होती, त्यामुळे फोरट्रानवर वेष्टन तयार करणारं तिचं अवजार, एफ२पाय, ३.१२ पासून मेसन या नव्या बांधणीव्यवस्थेवर चालतं. दुसरा बदल १६ जून २०२४ चा, म्हणजे नमपाय २.०. यात बांधणीचा प्रश्न नाही, बांधून झालेल्या वस्तूचा प्रश्न आहे.

कंपाइलच होत नसेल तर बहुधा पहिला बदल आडवा आलाय. कंपाइल झालेलं जुनं मॉड्यूल इम्पोर्ट करताना ‘नमपाय १ वर बांधलेलं मॉड्यूल नमपाय २ वर चालणार नाही’ अशा अर्थाचा लांबलचक संदेश येत असेल, किंवा डीटाइपचा (अ‍ॅरेतल्या घटकांच्या संख्याप्रकाराचा) आकार अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला अशी तक्रार येत असेल, तर तो दुसरा बदल.

हा दुसरा बदल नीट समजून घेण्यासारखा आहे. सी मधलं मॉड्यूल नमपायचं हेडर घेऊन कंपाइल होतं, तेव्हा ‘अमुक माहिती या रचनेत सुरुवातीपासून इतक्या बाइटवर आहे’ हे आकडे थेट बायनरीत जाऊन बसतात. नंतर तिथे नाव उरत नाही, फक्त अंतर उरतं. नमपाय १.० आलं २००६ मध्ये. तेव्हापासून अठरा वर्षं ही अंतरं जपली गेली. नमपाय २ मध्ये डीटाइपचं वर्णन करणाऱ्या रचनेची मांडणी बदलली. एका घटकाचा आकार सांगणारं एलसाइझ पूर्वी साधा इंट होतं, आता ते मोठ्या पूर्णांकाचं झालंय आणि थेट हात घालून वाचता येत नाही, त्यासाठी दिलेलं मॅक्रो वापरावं लागतं. कॉम्प्लेक्स संख्यांचा प्रकारही नमपायच्या स्वतःच्या स्ट्रक्टऐवजी सी भाषेच्या सी९९ या प्रमाणातला झाला, त्यामुळे टिंब देऊन रिअल आणि इमॅजिनरी भाग वाचणारा सी कोड कंपाइल होत नाही.

एक सोय मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. नमपाय १ वर बांधलेलं २ वर चालत नाही, पण २.० वर बांधलेलं १.१९ पर्यंतच्या जुन्या नमपायवर चालतं. म्हणजे दोन वेगळ्या बायनरी ठेवायची गरज नाही. नव्यावर बांधा, दोन्हीकडे चालवा.

इथवरचे सगळे बदल स्वतःहून ओरडतात, त्यांची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती काहीही न बोलता उत्तर बदलणाऱ्या गोष्टींची:

एक, ६४ बिट विंडोजवर नमपायचा मूळ पूर्णांक पूर्वी ३२ बिटांचा होता, आता ६४ बिटांचा आहे.

दोन, संख्याप्रकारांच्या बढतीचे नियम बदलले. फ्लोट३२ ची सुटी संख्या आणि पायथनची साधी दशांश संख्या यांची बेरीज पूर्वी फ्लोट६४ यायची, आता फ्लोट३२ येते.

तीन, नमपायच्या संख्यांची यादी छापली तर आता नुसते आकडे येत नाहीत, प्रत्येकाभोवती प्रकाराचं नाव येतं. यादीचं सरळ स्ट्रिंग करून ती फोरट्रान प्रोग्रामच्या इनपुट फाइलमध्ये लिहिणारे खूप जण आहेत. त्यांच्या फाइली बिघडतात.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. नवं काही बसवण्याआधी, जुनं चालू आहे तोवर, त्याच जुन्या मशीनवर आठ-दहा ठरावीक इनपुट चालवून उत्तरं पूर्ण अचूकतेनं फाइलीत साठवा. जुनं मशीन फॉरमॅट झालं की ही संधी परत मिळत नाही. तुमचे अनुभव लिहा, नमपायपुरतेच असायला हवेत असं नाही.

वर्धेकर

सर, अगदी वेळेवर धागा आला. एम.टेक.चा प्रकल्प आहे, गाइडनी दिलेला फोरट्रान ७७ मधला उष्णतावहनाचा कोड आहे. पायथन ३.१२, उबुंटू. जुन्या टिपणात एफ२पायच्या कमांडला एफकंपायलर असा पर्याय दिलाय, तो आता ओळखत नाही. तो काढला तर पुढे जाऊन लॅपॅकची (रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीची) फंक्शनं सापडत नाहीत म्हणतं. शिवाय मधेच ‘रँक मिसमॅच’ अशी एरर येते, ती तर जुन्या मशीनवर कधीच नव्हती.

अक्षांश

@वर्धेकर, तीन वेगळ्या गाठी आहेत.

एफकंपायलर हा पर्याय डिसयुटिल्सचा होता. मेसन कंपायलर कोणता घ्यायचा हे पर्यावरणातल्या एफसी या चलावरून ठरवतं, आणि कंपायलरचे जादा पर्याय एफफ्लॅग्जमधून घेतं. लॅपॅकसाठी कमांडमध्ये डेप हा पर्याय देऊन पुढे लॅपॅक लिहा. मेसन आणि त्याला लागणारं निंजा दोन्ही बसवलेले असायला हवेत.

रँक मिसमॅचचा पायथनशी काहीच संबंध नाही. ती जीफोरट्रान या फोरट्रान कंपायलरच्या आवृत्ती १० पासूनची (२०२०) गोष्ट आहे. एकाच सबरूटीनला एकदा अ‍ॅरे आणि एकदा सुटी संख्या पाठवणं जुन्या कोडमध्ये सर्रास चालायचं, कंपायलर फार तर इशारा द्यायचा. आता ती चूक धरली जाते. एफफ्लॅग्जमध्ये अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅचचा पर्याय घातला की पूर्वीसारखं चालेल. पण वेळ असेल तर त्या जागा बघून घ्या, कधीकधी तिथे खरोखरच चूक असते.

रानजाई

छान धागा. मॅटलॅबवाल्यांनी हेच आधी भोगलंय, म्हणून लिहिते.

२०१८ए आवृत्तीच्या आधीपर्यंत मॅटलॅब कॉम्प्लेक्स अ‍ॅरे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचं. सगळे वास्तव भाग एका सलग पट्ट्यात, सगळे काल्पनिक भाग दुसऱ्या. मेक्स फाइल (मॅटलॅबमधून बोलावता येणारा सी किंवा फोरट्रान कोड) लिहिणाऱ्याला दोन पॉइंटर मिळायचे. आता सी, सी++ आणि फोरट्रान या तिन्ही भाषा, आणि लॅपॅक, एफएफटीडब्ल्यू यांसारख्या लायब्ररी वास्तव-काल्पनिक, वास्तव-काल्पनिक अशी जोडीनं मांडणी धरून चालतात. त्यामुळे मेक्समधून कुठलीही कॉम्प्लेक्स लायब्ररी वापरायची तर आधी दोन पट्टे एकत्र विणायचे, काम झालं की परत उसवायचे. मोठ्या अ‍ॅरेला हा खर्च मोजण्याएवढा असतो.

२०१८ए पासून मॅटलॅबनं आतली मांडणी जोडीची केली. बदल फार सांभाळून केला. जुना मेक्स कोड जसाच्या तसा चालतो, कारण मेक्स कमांडचा मूळ कल जुन्या इंटरफेसकडेच आहे. पण त्याची किंमत आता तुम्ही देता. कॉम्प्लेक्स अ‍ॅरे मेक्समध्ये शिरताना त्याचे दोन भाग करून प्रत दिली जाते, बाहेर पडताना पुन्हा जोडली जाते. कुठेही एरर नाही, उत्तरंही बरोबर. फक्त प्रोग्राम हळू होतो आणि मेमरी जास्त खातो. आमच्याकडे सिग्नल प्रोसेसिंगच्या कामात कुणालाच कारण कळेना, सगळे मशीनला दोष देत होते. शेवटी मेमरीचा आलेख मेक्सच्या दारात उंचावतो हे दिसलं तेव्हा उलगडलं.

उपाय म्हणजे आर२०१८ए हा पर्याय देऊन कंपाइल करायचं. मग काल्पनिक भागाचा वेगळा पॉइंटर मागणाऱ्या ओळी कंपाइलच होणार नाहीत, त्या एकेक करून बदलायच्या. दोन्ही पिढ्यांसाठी एकच फाइल ठेवायची असेल तर मांडणी कोणती आहे हे सांगणारं मॅक्रो उपलब्ध आहे, त्यावर #if ची अट लावता येते.

अक्षांश म्हणतात ते ‘न बोलणारे बदल’ फक्त उत्तर चुकवतात असं नाही, काही नुसता वेळ खातात. तेही शोधायला तितकेच कठीण.

भीमाकाठ

माहिती उत्तम आहे, पण मला एक मूलभूत हरकत नोंदवायची आहे.

हे बदल करणारे लोक हुशार आहेत, प्रामाणिक आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण किंमत कोण मोजतं? मोठ्या कंपन्यांकडे आणि मोठ्या प्रयोगशाळांकडे यासाठी माणसं असतात. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात भूजलाचं प्रारूप चालवणाऱ्या एका प्राध्यापकाकडे नसतात. त्याचं विज्ञान बदललेलं नाही, समीकरणं तीच आहेत, फोरट्रान तोच आहे. तरी दर चार-पाच वर्षांनी त्याला जोडणी नव्यानं करावी लागते. फोरट्रानचा १९७७ चा कोड आज कंपाइल होतो आणि पायथनचं पाच वर्षांपूर्वीचं वेष्टन होत नाही, हे मला पटत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी वापरलेलं सीएफएसव्ही२ हे प्रारूपसुद्धा फोरट्रानातच आहे ना? मग टिकाऊ काय आणि नाजूक काय हे स्पष्ट आहे.

अक्षांश

@भीमाकाठ, हरकत रास्त आहे, आणि किंमत असमान वाटली जाते हे मला पूर्ण मान्य आहे. पण ‘बदल करायलाच नको होता’ इथे मी तुमच्यासोबत येत नाही.

अठरा वर्षं ती रचना उघडी होती. बाहेरचं कोणतंही मॉड्यूल तिच्या आत हात घालत होतं. त्यामुळे नमपायला तिच्यात एक रकाना वाढवायचा म्हटलं तरी जगभरच्या बायनरी मोडणार होत्या. परिणामी नवे डीटाइप येऊच शकत नव्हते. बदलत्या लांबीच्या स्ट्रिंगचा नीट प्रकार २.० मध्ये आला तो ही वाट मोकळी झाल्यावरच. आता रचना मॅक्रोंच्या मागे आहे, म्हणजे पुढचे बदल वेष्टनांना न मोडता करता येतील. नमपायवर उभ्या असलेल्या लायब्ररी, सायपाय १.१३ आणि पांडास २.२.२, नमपाय २ ला चालतील अशा रूपात आधीच, एप्रिल २०२४ मध्ये येऊन बसल्या होत्या. एका दिवसात अंगावर टाकलेला बदल नव्हता हा.

आणि फोरट्रान टिकतो हे खरं असलं तरी फोरट्रानला *बोलावणं* तितकं टिकाऊ नाही. त्याचं उदाहरण आर ही संख्याशास्त्राची भाषा वापरणाऱ्यांपैकी कुणीतरी द्यावं.

मुक्ता_आर

देते, कारण ते प्रकरण मी जवळून पाहिलंय.

फोरट्रानच्या सबरूटीनला अक्षर पाठवायचं असेल, उदाहरणार्थ लॅपॅकच्या चोलेस्कीला (मॅट्रिक्सचे घटक पाडणाऱ्या सबरूटीनला) वरचा त्रिकोण ‘यू’ की खालचा ‘एल’ हे सांगायचं असेल, तर फोरट्रान कंपायलर त्या अक्षराची लांबीसुद्धा पाठवतो. ती आर्ग्युमेंटच्या यादीत कुठे लिहिलेली नसते, शेवटी गुपचूप जोडली जाते. सी मधून बोलावणाऱ्याला ती हातानं द्यावी लागते. पण लॅपॅकमध्ये लांबी नेहमी एकच असते आणि आतला कोड ती बघतही नाही. म्हणून कित्येक दशकं सी मधले सगळे जण ती गाळत आले. आर, आणि सीब्लास, लॅपॅकई या सी मधल्या जोडण्या, सगळे. काही बिघडत नव्हतं.

२०१९ मध्ये जीफोरट्रानच्या नव्या आवृत्त्यांनी एक सुधारणा केली. सबरूटीनच्या शेवटी दुसऱ्या सबरूटीनला बोलावलं असेल तर स्टॅकवरची आपल्या आर्ग्युमेंटची जागाच पुढच्याच्या आर्ग्युमेंटसाठी वापरायची. कंपायलरच्या दृष्टीनं हे पूर्ण कायदेशीर होतं, कारण ती लांबीची जागा त्याच्या हक्काची होती. पण सी वाल्यांनी ती जागा दिलेलीच नव्हती! मग कंपायलरनं लिहिलं ते बोलावणाऱ्याच्या स्वतःच्या स्टॅकवर. आर कोसळायला लागलं, तेही नेमकं भलत्याच ठिकाणी. आरच्या गाभ्यातले टोमास कालिबेरा यांनी असेंब्लीपर्यंत जाऊन हे शोधलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात सविस्तर मांडलं. जीफोरट्रान ज्याचा भाग आहे त्या जीसीसीनं त्यावर एक तोडगा कंपायलरमध्ये घातला. आरनं लांबी रीतसर पाठवण्यासाठी मॅक्रो दिले आणि पुढे पॅकेजवाल्यांना तसे बदल करायला लावले.

भीमाकाठ, यात फोरट्रानचा कोड एका अक्षरानंही बदललेला नव्हता. करार कधी लिहिलाच नव्हता, आणि एक बाजू तो पाळत नव्हती. लिहिलेला करार हवा असेल तर फोरट्रान २००३ मध्ये आलेलं सी-बाइंडिंग वापरा. त्यात प्रकार, नाव, पाठवण्याची पद्धत सगळं प्रमाणात बसवलेलं आहे.

टिंबटिंब

मुक्ता यांच्या शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन.

माझं मत असं की लहान गटांनी एफ२पाय सोडावं. फोरट्रानवर सी-बाइंडिंगची एक पातळ पट्टी लिहा, शेअर्ड लायब्ररी करा, पायथनमधून सीटाइप्सनं (सी ची फंक्शनं थेट बोलावणारं पायथनचं मॉड्यूल) बोलवा. नमपायचं हेडर कुठेही लागत नाही, म्हणजे नमपाय २ येवो की ५, तुमची बायनरी तीच. पायथनची आवृत्ती बदलली तरी तीच. शिवाय तीच लायब्ररी ज्युलियातून, मॅटलॅबमधून, आरमधून बोलावता येते.

रानजाई

टिंबटिंब, हे सरसकट सांगू नका. सीटाइप्स काहीही तपासत नाही. वर अक्षांश यांनी लिहिलेला विंडोजच्या पूर्णांकाचा बदल तुमच्याच पद्धतीला सगळ्यात जास्त लागतो. सी मध्ये लाँगचा पॉइंटर घेणारं फंक्शन आहे, पायथनमधून नुसता पूर्णांकांचा अ‍ॅरे पाठवलाय. विंडोजवर लाँग ३२ बिटांचा, नमपायचा अ‍ॅरे आता ६४ बिटांचा. सी ला ५, ७, ९ ऐवजी ५, ०, ७, ०, ९, ० असं दिसतं. आणि त्यातले पहिले एन आकडे वाचून ते समाधानानं उत्तर देतं. लिनक्सवर चाचणी घेतली तर काहीच सापडत नाही, कारण तिथे लाँग आधीपासून ६४ बिटांचाच आहे.

एफ२पाय हेच कसं करतं? फोरट्रानचा इंटिजर चार बाइटचा आहे हे त्याला माहीत असतं. फक्त आत जाणारा अ‍ॅरे असेल तर तो बदलून प्रत देतं. आत-बाहेर दोन्हीकडे जाणारा असेल तर सरळ नकार देतं. तो नकार मला हवा आहे.

टिंबटिंब

मुद्दा बरोबर आहे. मग माझ्या सल्ल्यात दोन अटी घालतो. सी च्या बाजूला लाँग किंवा इंट न लिहिता रुंदी सांगणारे प्रकारच लिहायचे, इंट३२_टी किंवा इंट६४_टी. आणि पायथनच्या बाजूला नमपायच्या सीटाइप्सलिबमधलं एनडीपॉइंटर वापरून डीटाइप, मिती आणि सलगपणा तिन्ही बांधून घ्यायचे. तिथे डीटाइप म्हणून नुसतं ‘इंट’ लिहिलं तर तपासणीचा उपयोग नाही, कारण तेही नमपायबरोबर बदलतं. इंट३२ की इंट६४ हे स्पष्ट लिहा. परतीचा प्रकारही सांगायला विसरू नका, नाही सांगितला तर सीटाइप्स तो सी चा इंट धरतं आणि डबल परत करणारं फंक्शन कचरा देतं.

एवढं केलं की पद्धत टिकाऊ आहे, यावर मी ठाम आहे.

खडूफळा

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संख्यात्मक पद्धती शिकवतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पामुळे आपल्याकडे सायलॅब हे मॅटलॅबसारखं मुक्त सॉफ्टवेअर बऱ्याच महाविद्यालयांत पोचलं, पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं त्यात उपलब्ध झाली. तिथेही हेच घडलं. २०१७ मध्ये सायलॅब ६ आलं, आतलं इंजिन नव्यानं लिहिलं गेलं. पूर्वी स्टॅकचा आकार हातानं वाढवावा लागायचा, ती कटकट गेली, हे फार चांगलं झालं. पण त्या जुन्या स्टॅकवर आधारलेली, सी चा कोड जोडण्याची गेटवे पद्धतही गेली, आणि तिच्यावर लिहिलेले टूलबॉक्स पुन्हा लिहावे लागले. नुसत्या सायलॅब भाषेत लिहिलेली उदाहरणं बहुतांशी चालत राहिली.

मला वाटतं आपण विद्यार्थ्यांना भाषा शिकवतो, पण दोन भाषांमधली हद्द शिकवत नाही. अ‍ॅरे मेमरीत ओळीनं ठेवलाय की स्तंभानं, घटक किती बाइटचा, प्रत होते की नाही, हे अभ्यासक्रमात कुठेच येत नाही. प्रकल्पाला बसल्यावर पोरांना ते पहिल्यांदा कळतं. या सत्रापासून मी एक प्रात्यक्षिक घालणार आहे: एकच मॅट्रिक्स सी आणि फोरट्रान दोन्हीकडे पाठवायचा आणि दोन्हीकडून पहिले सहा घटक छापायचे.

अक्षांश

@खडूफळा, त्या प्रात्यक्षिकाला एफ२पायचा प्रत झाल्याची नोंद देणारा पर्याय जोडा. कंपाइल करताना रिपोर्ट-ऑन-अ‍ॅरे-कॉपी हे मॅक्रो द्यायचं, मग प्रत्येक न सांगता झालेली प्रत पडद्यावर लिहून येते. विद्यार्थ्यांना फार लवकर समजतं.

वर्धेकर

सर, बांधणी झाली! एफसी, एफफ्लॅग्ज आणि डेप लॅपॅक, तिन्ही लागले. मिसमॅचच्या जागांपैकी एक खरंच चूक निघाली, गाइडना दाखवली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुन्या मशीनवरची उत्तरं साठवून तुलना केली. बहुतेक उत्तरं बाराव्या-तेराव्या अंकापर्यंत जुळतात. पण एका इनपुटला सातव्या-आठव्या अंकापासूनच फरक आहे. हे इनपुट नेटसीडीएफ (वैज्ञानिक माहितीच्या बायनरी) फाइलमधून येतं. बाकीची टेक्स्ट फाइलमधून.

मुक्ता_आर

नेटसीडीएफमधली किंमत फ्लोट३२ असणार. तुम्ही लूप लावून एकेक घटक घेऊन कशाने तरी गुणताय का?

वर्धेकर

हो मॅडम. लूपमध्ये एकेक घटक घेऊन एका स्थिरांकानं गुणतो आणि मग फोरट्रानच्या अ‍ॅरेत भरतो.

अक्षांश

मग तेच आहे, वरचा दुसरा मुद्दा. सुटा फ्लोट३२ गुणिले पायथनची दशांश संख्या: नमपाय १ मध्ये गुणाकार फ्लोट६४ मध्ये व्हायचा, आता फ्लोट३२ मध्येच होतो. फोरट्रानच्या अ‍ॅरेत जाताना त्याचा डबल होतो, पण गेलेले अंक परत येत नाहीत.

लूप काढून टाका. फाइल वाचल्या वाचल्या पूर्ण अ‍ॅरे फ्लोट६४ मध्ये बदलून घ्या आणि गुणाकार अख्ख्या अ‍ॅरेवर एकदाच करा. तुलनेसाठी नमपायच्या टेस्टिंगमधलं असर्ट-ऑलक्लोज वापरा आणि सापेक्ष सूट दहाचा उणे दहावा घात ठेवा. शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत जुळण्याचा आग्रह धरू नका, कंपायलर आणि लॅपॅक दोन्ही बदललेत. बदल केल्यावरही तेच इनपुट सातव्या अंकावर अडलं तर तो फोरट्रान भाग इथे टाका, डबलऐवजी नुसतं रिअल (कमी अचूकतेचं) म्हणून जाहीर केलेलं एखादं चल आत राहिलंय का ते पाहू.